“थर्मोस्टॅटचा स्मॉगशी काय संबंध?” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमची तक्रार थोडक्यात अशी: २००३ची पेट्रोल व्ही-८ पिकअप घेऊन तुम्ही आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या स्टेशनवर दोनदा आलात. दोन्ही वेळा गाडी स्मॉगला, म्हणजे प्रदूषण तपासणीला, फेल झाली आणि दोन्ही वेळा आम्ही फी घेतली. चेक इंजिनचा दिवा बंद असूनही शेवटी थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) बदलून त्याचं बिल हातात दिलं, आणि आता परत “चालवून आणा” म्हणतोय.

आधी आमची चूक सांगतो. दुसऱ्या वेळी अधिकृत चाचणी सुरू करण्याआधी साधा स्कॅनर लावून मॉनिटर, म्हणजे गाडीचा काँप्युटर स्वतः घेतो त्या चाचण्या, पूर्ण झालेत का ते बघायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं, ते आमच्याकडून राहिलं. त्या चाचणीची फी तुम्हाला परत मिळेल. पहिल्या वेळी “शंभर मैल चालवा” एवढंच तोंडी सांगितलं, तेही अपुरं होतं. मैल किती झाले हे काँप्युटर बघत नाही, गाडी कशी चालली हे बघतो.

आता थर्मोस्टॅटबद्दल. तुमच्या गाडीची स्मॉग तपासणी म्हणजे प्रामुख्याने गाडीच्या काँप्युटरला विचारणं असतं. २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात २०१५पासून रोलरवर चढवत नाहीत. डॅशबोर्डखालच्या पोर्टला केबल लावतात. दिवा बंद आहे का, एवढंच तिथे बघत नाहीत. ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (म्हणजेच कॅटॅलिस्ट), टाकीतली वाफ अडवणारी एव्हॅप यंत्रणा, अशा प्रत्येकाची चाचणी काँप्युटर स्वतः घेतो आणि ती पार पडली की त्यापुढे “पूर्ण” अशी नोंद करतो. तुम्ही पहिल्यांदा येण्याच्या दोन दिवस आधी गाडीची बॅटरी बदलली होती. बॅटरी काढली की या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. दिवा बंद होता तो गाडी निरोगी आहे म्हणून नव्हे, तपासणी झालीच नव्हती म्हणून. स्वस्तातल्या स्कॅनरने कोड, म्हणजे दोषाची नोंद, पुसला तरी नेमकं हेच होतं. तुम्ही मधल्या काळात तो एकदा पुसल्याचं अभिप्रायातच लिहिलं आहे, म्हणजे तोवर जमलेलं सगळं परत शून्यावर आलं.

दुसऱ्या वेळी ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर पूर्ण झाले होते. एव्हॅप आणि कॅटॅलिस्ट अपूर्ण होते. २००० आणि पुढच्या पेट्रोल गाडीला इथे फक्त एव्हॅप अपूर्ण असलेला चालतो. त्यामुळे तुम्ही फेल झालात ते कॅटॅलिस्टमुळे, एव्हॅपमुळे नाही. १९९६ ते १९९९च्या पेट्रोल गाड्यांना कोणताही एक अपूर्ण चालतो, आणि १९९८ ते २००६च्या डिझेलला एकही नाही. “दोन अपूर्ण चालतात” असं तुम्हाला न्यू जर्सीतल्या मित्राने सांगितलं. ती सवलत केंद्रीय मार्गदर्शनात २०००पर्यंतच्या गाड्यांना आहे, २००१पासून एकच. कॅलिफोर्निया त्याहून कडक आहे.

कॅटॅलिस्ट का पूर्ण होत नव्हता, ते शोधायला गाडी स्कॅनर लावून फ्रीवेवर नेली. सिग्नलला उभी असताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) १७८ अंश फॅरनहाइटला होतं. ८८० फ्रीवेवर ताशी ६० मैलांच्या वेगाला लागल्यावर ते वाढायच्या ऐवजी उतरत गेलं आणि सहा मिनिटांत १५१वर आलं. ही थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची खूण. झडप मिटतच नाही, रेडिएटरचं गार पाणी सतत इंजिनात फिरतं आणि समोरचा वारा जितका जास्त तितकं इंजिन थंड. तुमच्या गाडीचा थर्मोस्टॅट १९५ अंशांचा आहे. कॅटॅलिस्टची चाचणी सुरू करायला काँप्युटरला सुमारे १७० अंश टिकून हवे असतात. म्हणजे ज्या वेगाला ती चाचणी व्हायची, नेमकं तिथेच इंजिन गार पडत होतं. तुम्ही हजार मैल चालवली असती तरी ती नोंद झाली नसती.

काँप्युटरने पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड “पेंडिंग” म्हणून धरलाही होता. एका फेरीत दोष दिसला की तो पेंडिंगमध्ये जातो आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तर दिवा लागतो. कोड मध्येच पुसल्यामुळे ती मोजणी नव्याने सुरू झाली, म्हणून तुम्हाला दिवा दिसला नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा अशा वेळी थोडाच खाली दिसतो, सहज लक्षात येत नाही. हिवाळ्यात हीटर कोमट वारा देत असेल तर मात्र जरूर शंका घ्या.

थर्मोस्टॅट बदलल्यावर आम्ही बॅटरी काढली नाही आणि कोडही मुद्दाम पुसला नाही. पुसला असता तर पूर्ण झालेले दोन मॉनिटर पुन्हा गेले असते. दोष गेला की पेंडिंग कोड आपोआप निघतो.

आता गाडी कशी चालवायची ते नीट लिहितो, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं. प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा असतो, तुमच्या गाडीला हा लागू पडतो. टाकी अर्धी ते पाऊण ठेवा. एव्हॅपची चाचणी १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्येच होते आणि तुम्ही दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून आला होतात. गाडी रात्रभर, किमान आठ तास, उभी राहू द्या. सकाळी किल्ली “ऑन”वर धरून बसू नका, लगेच स्टार्ट करा. नाहीतर सेन्सर आधीच तापतो आणि हीटरची थंड चाचणी हुकते. एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावून अडीच मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. मग एसी बंद करून अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून वेग ताशी ५५ मैलांपर्यंत न्या आणि तीन मिनिटं वेग अजिबात न बदलता धरा. त्यानंतर पाय उचला आणि ब्रेक न लावता २० मैलांपर्यंत येऊ द्या. हे फ्रीवेच्या मधल्या लेनमध्ये करू नका, मागून कोणी आदळेल. लांब एक्झिट रॅम्प निवडा. पुन्हा ५५ ते ६०वर जाऊन पाच मिनिटं स्थिर, आणि पुन्हा तसंच उतरणं.

कॅटॅलिस्टचा निकाल याच स्थिर पाच मिनिटांत लागतो. कन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज सतत ०.१ ते ०.९ असं वरखाली होतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्याचं ०.६-०.७च्या आसपास शांत राहतं. वाटेत चढ आला की इंजिनवरचा भार बदलतो आणि काँप्युटर चाचणी सोडून देतो. म्हणून ६८०वरचा सुनोलचा चढ टाळा. रविवारी सकाळी सातच्या आत ८८०वर सॅन होजेच्या दिशेने सपाट रस्ता मिळतो. बॅटरी काढल्यानंतर कॅटॅलिस्टला अशा पाचेक पूर्ण फेऱ्याही लागू शकतात, तेव्हा एका सकाळी झालं नाही तर घाबरू नका. आणि कृपा करून कोड पुसू नका.

एका ओळखीच्या दुकानात “लगेच पास करून देतात” असंही तुम्ही लिहिलंय. दुसऱ्याच गाडीला केबल लावून तुमच्या गाडीचं सर्टिफिकेट काढणं हा गुन्हा आहे, त्यात परवाना जातो. ते आम्ही कधीही करणार नाही, आणि तुम्हीही त्या वाटेला जाऊ नये असं मनापासून वाटतं.

रजिस्ट्रेशनची फी मात्र मुदतीतच डीएमव्हीला (वाहन नोंदणी खात्याला) भरून टाका. स्मॉग बाकी असला तरी फी घेतात, आणि उशिराचा दंड वाचतो.

पुढच्या वेळी थेट आमच्याकडे या. आधी स्कॅनर लावून बघू, त्याचे पैसे नाहीत. कॅटॅलिस्ट पूर्ण दिसला तरच अधिकृत चाचणी लावू. नसेल तर कूलंटचं तापमान आणि मागच्या सेन्सरचा आलेख तुम्हाला स्क्रीनवर दाखवून पुढचं ठरवू.