हरलेल्या आणि जखमी खेळाडूसाठी कोण भांडणार?

ऑलिंपिक झालं की आपल्याकडे बक्षिसाचा वाद ठरलेला. 2024 साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं, राज्यानं 1 कोटी जाहीर केले आणि लगेच हरियाणाशी तुलना सुरू झाली. तुलना रास्तच होती. पण मी अमेरिकेत, सिनसिनाटीत राहतो, आणि ते वाचताना मला सारखा इथला बास्केटबॉलपटू मॉरिस स्टोक्स आठवत होता.

स्टोक्स हा 1956 चा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम नवोदित खेळाडू. अंगानं धिप्पाड, रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यात, अव्वल आणि पास देण्यात गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूच्या, तोडीचा. 12 मार्च 1958 ला मिनियापोलिसमधल्या सामन्यात तो पडला, डोकं आपटून बेशुद्ध झाला. शुद्धीवर आणून त्याला पुन्हा खेळवलं! तीन दिवसांनी तो डेट्रॉइटमध्येही खेळला. परतीच्या विमानात त्याला झटके आले आणि सगळं शरीर लुळं पडलं. वय फक्त 24.

लीगची पेन्शन नव्हती, उपचारांचा खर्च डोंगराएवढा. संघातला गोरा सहकारी जॅक ट्वायमन कोर्टात जाऊन या कृष्णवर्णीय मित्राचा कायदेशीर पालक झाला. कामगार म्हणून मिळणारी भरपाई त्यानं मिळवून दिली, मदतनिधीचे सामने भरवले. 1970 मध्ये स्टोक्स वारला, तोपर्यंत ट्वायमननं साथ सोडली नाही.

अमेरिकेत ही मैत्री मोठ्या प्रेमानं सांगतात. आपणही खाशाबा जाधवांना 1952 ला हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी काढलेली वर्गणी अभिमानानं सांगतो. मला दोन्हींबद्दल आदर आहे. पण ट्वायमन भेटला नसता तर?

म्हणून मला 14 जानेवारी 1964 ची संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते. बोस्टनमध्ये एनबीएच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना टीव्हीवर दाखवला जाणार होता आणि रसेल, रॉबर्टसन, वेस्ट हे त्या काळचे बडे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. पेन्शनचा शब्द द्या, मगच खेळतो. लीगचा प्रमुख असलेल्या कमिशनरला तो द्यावा लागला. सगळ्यात मोठी नावं सगळ्यांसाठी अडून बसली होती.

कुस्ती, कबड्डी, खो-खोत अशी एकजूट मला दिसत नाही. पदकाची रक्कम वाढवाच. पण सराव शिबिरात गुडघा गेलेल्या, कुठलंच पदक नसलेल्या पोराचा उपचार आणि तेवढ्या महिन्यांचं घरखर्चाचं मानधन हक्कानं मिळावं, ही मागणी आपल्या पदकविजेत्यांनी सत्काराच्या मंचावरूनच करावी. तिथे मंत्री समोर बसलेले असतात.