सिस्टरचा फोन जास्त कामाचा

हार्ट फेल्युअरवरचा (म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडते, त्यावरचा) तुमचा लेख वाचला. अशा पेशंटची डिस्चार्जनंतर ७ ते १४ दिवसांत फेरतपासणी हवी, असं त्यात म्हटलंय. बरोबरच आहे. पण सुरगाणा-पेठहून नाशिकला पेशंट आणायचा म्हणजे गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची मजुरी गेली. मधल्या काळात सिस्टरचा एक फोन खूप काम करतो.

माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार आहे. त्यांना हॉस्पिटलातल्या सिस्टरनी वजनकाटा घ्यायला लावला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, पाय सुजायची वाट न बघता कळवा. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी आणायची नाही, हेही सिस्टरनीच बजावलं. अशा गोळ्यांनी मीठ-पाणी अंगात अडकतं. मीठ कमी करायचं मात्र अवघड आहे बुवा. मिसळ सोडली, पण पापड हवाच!

शेजारच्या काकांनी तर "मला साखर नाही" म्हणून डॅपाग्लिफ्लोझिन ही डायबेटिसचीही गोळी बंदच केली होती. ही गोळी हार्ट फेल्युअरसाठीही देतात, हे लेखात यायला हवं होतं. खेड्यांतल्या आशाताईंकडे एकेक वजनकाटा आणि ही वजनाची नोंद सोपवता येणार नाही का?