पाच मिनिटांचे अंतर

बदलापूर पूर्वेला घर घेऊन सहा वर्षे झाली, तरी 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' हे शब्द कुठे दिसले की माझे डोके फिरते. ही पाच मिनिटे नेमकी कोणाची, हे आमच्या बिल्डरने कधीच सांगितले नाही. पहाटे चार वाजता, रस्ता मोकळा असताना, मोटारसायकलवरून कोणी मोजली असावीत. माझ्या पायांना पंचवीस लागतात, आणि पावसाळ्यात पदपथ नसलेल्या रस्त्यावर चिखल चुकवत, रिक्षांमधून वाट काढताना त्याहून जास्त. शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिले तर ठरलेली लोकल हमखास चुकते आणि पुढे सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर उभ्यानेच काढावे लागतात. माहितीपुस्तिकेतल्या रंगीत नकाशात शाळा, रुग्णालय, बाजार, उद्यान असे सारे काही इमारतीला खेटून दाखवले होते. त्यांतल्या उद्यानाच्या जागेवर आज राडारोड्याचे ढीग आहेत आणि त्यांवर भटकी कुत्री ऊन खात बसतात (उद्यानाचा लाभ निदान कोणाला तरी मिळतो). बारवी धरण इतके जवळ असूनही उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, त्याची वर्गणी वेगळी. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यामुळे घराचे चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, तरी नीट लिहून द्यावे लागते. मिनिटांचे मात्र कोणीही काहीही लिहावे. परवा आमच्याही पलीकडे, आणखी एक किलोमीटर आत, नव्या इमारतीचा फलक लागला आहे: 'स्टेशनपासून तीन मिनिटांवर'.