पुस्तक आहे, पण नाही

आमच्या फोंड्यात आधी लाईट जाते, मग पाऊस येतो. हे ठाऊक असूनही मी वाचनालयाची पुस्तकं पोस्टग्रेस ९.६ या डेटाबेसवर चढवली आणि दाखल-क्रमांकावर हॅश इंडेक्स केला, म्हणजे क्रमांकावरून नोंद झटकन शोधायची सूची. नेहमीचा बी-ट्री इंडेक्स काय, सगळेच करतात! करताना इशारा आला होता की या इंडेक्सची बदलांच्या लॉगमध्ये नोंद होत नाही, वापरू नका. पण इशारे मी विजेच्या बिलावरचेच वाचतो.

जूनच्या एका दुपारी काका क्रमांक सांगत होते, मी चढवत होतो, आणि गेली! यूपीएसने एकदा 'टूं' करून प्राण सोडला. तासाभराने लाईट आली. डेटाबेसने लॉग वाचून नोंदींचं टेबल आपलं आपण सावरलं. मी काकांकडे ऐटीत बघितलं.

"४३१२ बघ."

"नाही."

"नाही? मगे हें कितें?" काकांनी पुस्तकच नाकासमोर धरलं.

राहून गेलं असेल म्हणून मी ते निमूटपणे पुन्हा चढवलं. त्या दुपारची आणखी सहाही.

दुसऱ्या दिवशी एका बाईंनी तेच पुस्तक नावाने मागितलं. पडद्यावर दोन प्रती. नावावर इंडेक्स नव्हता, त्यामुळे यंत्र अख्खं टेबल चाळून खरं बोलत होतं. क्रमांक विचारला की मात्र ते इंडेक्सकडे धावायचं, आणि त्याला लाईट जाण्याच्या जरा आधी चढवलेलं काहीच आठवत नव्हतं.

काका पुस्तक आलं की आधी दाखल-नोंदवहीत लिहितात, मग कार्ड, मग कपाट. मध्येच कुणी चहाला नेलं तर परतल्यावर वही बघून राहिलेलं कार्ड करतात. डेटाबेसचीही हीच रीत: आधी लॉग डिस्कवर, टेबल-इंडेक्सची पानं सवडीने. माझा हॅश इंडेक्स तेवढा वहीत न शिवता थेट कपाटात घुसलेला. २०१७ साली दहाव्या आवृत्तीत ही खोड गेली, पण चालत्या गाड्याला हात लावायचा नाही हे आमचं घराण्याचं ब्रीद.

रीइंडेक्स केलं, म्हणजे टेबल वाचून सूची नव्याने बांधली. मिनिटही लागलं नाही. आता क्रमांकानेही पुस्तक सापडतं. दोनदा.

"दुसरी प्रत खंय आसा?" काकांनी विचारलं.

"ती नाहीच. खोडून टाकतो."

काकांनी चष्मा काढला. दाखल झालेलं पुस्तक समितीच्या ठरावाशिवाय कमी करता येत नाही म्हणे. मी अर्ज दिलाय, कधीच नसलेली सात पुस्तकं रद्द करावीत म्हणून. बैठक चवथीनंतर आहे.