‘फॉर्म्युला मिळाला की लस तयार’ हा फॉरवर्ड आणि माझं म्हणणं

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर बी विंगच्या काकांनी एक मेसेज टाकला. नंतर तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. म्हणणं असं: लस म्हणजे फॉर्म्युला, तो मिळाला की कुठलाही देश एकटा लस बनवतो, आफ्रिकेतले देश लस बनवायला एकत्र येतायत ती परिषदांची हौस, आणि त्यांना शिकवलं तर आपलंच गिऱ्हाईक जाणार. तुर्भ्याच्या एमआयडीसीत क्यूएमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा सांभाळण्याच्या कामात, वीस वर्षं काढलीत, त्यामुळे काका, राहवलं नाही.

फॉर्म्युल्याचं म्हणाल तर बहुतेक लसी जिवंत पेशींपासून, जंतूंपासून निघतात. कृती तीच ठेवून नुसती टाकी बदलली तरी माल वेगळा येऊ शकतो. म्हणून कंपनीने तपासलेली बॅचसुद्धा कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेच्या होकाराशिवाय बाजारात येत नाही. बॅच रेकॉर्डवर, म्हणजे ती बॅच कशी बनली त्याच्या नोंदीवर, एक सही राहिली तरी माल अडतो. हे सगळं सांभाळणारी माणसं तयार व्हायला वर्षं जातात, फॉर्म्युल्याचा कागद काय, मेलवरही येतो.

‘एकटा’ म्हणाल तर एकटे आपणही नव्हतो. कोव्हॅक्सिन आपली, पण तिच्यातलं अ‍ॅडज्युव्हंट, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणारा घटक, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका छोट्या कंपनीचं. आणि 2021 च्या एप्रिलात पुण्याची सीरम, एवढी मोठी कंपनी, अमेरिकेला विनवत होती की कच्चा माल सोडा. अडलं होतं कशावर? लस बनवताना लागणाऱ्या पिशव्या आणि फिल्टर!

आता हौस. दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅस्पेनने 2022 मध्ये स्वतःच्या नावाने कोविड लस विकायचा परवाना मिळवला. कारखाना तयार होता, ऑर्डर एकही आली नाही. लाइन बंद असली तरी क्लीनरूमची, म्हणजे लस बनवायच्या निर्जंतुक खोलीची, हवा चालूच ठेवावी लागते, बिल थांबत नाही. लहान देशात जन्मणारी मुलं एका लाइनला पुरत नाहीत. दहा देशांनी मिळून ऑर्डर दिली तरच ती चालते. लॅटिन अमेरिकेत अशी एकत्र खरेदी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून होते आहे. आफ्रिकेला 2040 पर्यंत गरजेच्या 60 टक्के लस स्वतः बनवायची आहे, आज ती 1 टक्क्याच्या आसपास आहे. 60 मलाही फुगवलेला आकडा वाटतो. प्रत्येकाला कारखाना आपल्याच राजधानीत हवा असतो, तिथे काकांशी वाद नाही.

गिऱ्हाइकाचं मात्र उलट आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची मेनअफ्रिव्हॅक घ्या: तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रयोगशाळेतलं, उत्पादन पुण्यात, किंमत अर्ध्या डॉलरच्या आत. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. सहकार्यातून आपल्याला काम मिळालं ते असं. गिऱ्हाईक बिथरलं 2021 मध्ये, आपण निर्यात थांबवली तेव्हा. थांबवली हे चूक म्हणवत नाही. काका, त्या मे महिन्यात तुम्ही-मी पहाटे रांगेत उभे राहून ‘आज लस उपलब्ध नाही’चा कागद वाचून परत आलो होतो. नेपाळात कोविशील्डचा पहिला डोस घेतलेले म्हातारे तर दुसऱ्यासाठी महिनोन्‌महिने थांबले.