टेबल विकायचंय, ओटीपी नाही!

जुनं टेबल विकायला काढलं. एक पाय किंचित डुगडुगतो, तेही जाहिरातीत लिहिलं. पाचव्या मिनिटाला मेसेज: "घेतलं. पैसे लगेच पाठवतो." अरे, लांबी-रुंदी विचार, पायाचं विचार, निदान घासाघीस तरी कर! खरं गिऱ्हाईक आधी वस्तूला नावं ठेवतं, मग निम्म्या किमतीला मागतं. याला टेबल बघायचंच नाही. न्यायला "माझा माणूस" येणार. हा स्वतः कायम परगावी. फोन करावा तर मीटिंगमध्ये.

मग क्यूआर कोड. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." पिन पैसे द्यायला लागतो रे बाबा, घ्यायला नाही! ते जमलं नाही की पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. खात्यात छदाम नाही, स्क्रीनशॉट मात्र झकास. त्यावर कडी म्हणजे, "चुकून जास्त गेले, वरचे परत करा." आलेच नाहीत तर परत काय करू, कपाळ? (चेक दिला असेल तर आणखी वाईट. जमा झालेला दिसतो, आपण वरचे पैसे देऊन बसतो आणि नंतर तो बाउन्स होतो.)

कालच्याने तर "तुम्ही खरे आहात का बघतो" म्हणत माझ्याकडेच ओटीपी मागितला. मी खरा का? चोराच्या उलट्या बोंबा!

"खात्यात पैसे दिसल्याशिवाय टेबल हलणार नाही," असं कळवलं. लगेच मला ब्लॉक केलं. टेबल इथंच आहे आणि आत्ताच आणखी एक "घेतलं" आलंय.