'डॉक्टर नसताना लिहू नये': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

किमोनंतरच्या हृदयविकारावरच्या माझ्या लेखाखाली आपण बरंच लिहिलंत. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा देते. मी डॉक्टर नसताना लोकांना घाबरवते, 27 टक्क्यांचा आकडा अर्धवट देते, हार्ट फेल्युअरच्या रोग्यांना कॅन्सर जास्त होतो हे सिद्ध झालेलं नाही कारण दोन्हीमागे वय आणि तंबाखू असते, आणि आपल्या पत्नीची किमो चालू असून लेख वाचून त्या रात्रभर झोपल्या नाहीत. शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'घरी बसून गूगल करणाऱ्या बायकांनी असल्या विषयात पडू नये.'

आकड्याचं आधी. तिथे आपलं बरोबर आहे. 2001 सालच्या त्या अभ्यासात ट्रास्टुझुमॅब (स्तनाच्या काही कॅन्सरवरचं औषध) आणि अ‍ॅड्रियामायसिनच्या जातीचं किमोचं औषध एकाच वेळी दिलं होतं, तेव्हा 27 टक्के बायकांच्या हृदयावर परिणाम दिसला. आता ती एकापाठोपाठ देतात. हे मी लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता 'घरी बसून'. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, आणि हो, घरीच असते. पण हा विषय मला गूगलने नाही दिला, माझ्या थोरल्या वहिनींनी दिला. 2011 साली त्यांच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. मग लाल औषधाचे, म्हणजे अ‍ॅड्रियामायसिनचे, चार डोस, मग लाईट (रेडिएशन), मग वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब. चारही वेळा मी शेजारी बसले होते. लाल औषध नसेतून जाताना त्या डोळे मिटून घ्यायच्या, आणि घरी आल्यावर लघवी लाल झाली की 'वन्सं, घाबरू नका' असं मलाच सांगायच्या. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदाच झाला, सुरुवातीला. पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, 62. त्यानंतर कोणी तो करायला सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही.

2014 च्या थंडीत वहिनी रात्री झोपाळ्यावर बसून झोपू लागल्या. आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणायच्या. आधी दोन उशा, मग तीन, मग झोपाळा. पावलं सुजली, जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबायला लागायचं. ज्या डॉक्टरांकडे नेलं ते म्हणाले, 'बेन, कमजोरी छे, मटी जशे' (बाई, कमजोरी आहे, बरी होईल). दोन महिने लोहाच्या गोळ्या झाल्या. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी इको करायला लावला. पंपिंग 28.

कॅन्सरची फाईल एका पिशवीत होती, हृदयाची दुसऱ्या. दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या जागी हुशार होते. दोन्ही पिशव्या मी एका टेबलावर ठेवल्या. त्याला पदवी लागत नाही.

आणि तुम्ही म्हणता पडू नये. मग पडायचं कोणी? 2003 साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा आहे: डॉक्सोरुबिसिन, म्हणजेच अ‍ॅड्रियामायसिन, एकूण 400 मिलिग्रॅमपर्यंत पोचलं की सुमारे 5 टक्के रोग्यांत हार्ट फेल्युअर होतं, 550 ला 26 टक्के, 700 ला 48. हे मिलिग्रॅम शरीराच्या दर चौरस मीटरमागचे. वहिनींच्या फाईलवर बेरीज 240 येते, म्हणजे धोका कमीच. पण वर डाव्या बाजूची लाईट आणि ट्रास्टुझुमॅब. ही बेरीज कोणी केली नव्हती. मी केली, तीही उशिरा.

मला रात्री जागं ठेवतं ते वेगळंच. इटलीतल्या मिलानमध्ये कार्डिनाले आणि सहकाऱ्यांनी 201 रोग्यांवर काम केलं. सगळ्यांचं हृदय लाल औषधाच्या जातीच्या किमोने कमजोर झालं होतं. किमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्यातल्या 64 टक्के जणांचं पंपिंग पूर्ववत झालं. सहा महिने उलटल्यावर सुरू झाल्या, त्यांच्यात पूर्ण बरं झालेलं कोणीच नव्हतं. गोळ्या कुठल्या? एनालाप्रिल आणि कार्व्हेडिलॉल, आपल्याकडे कुठल्याही केमिस्टकडे मिळतात त्या. हा अभ्यास 2010 सालचा. वहिनींची किमो 2011 ची, आणि त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या तीन वर्षांनी. आज पंपिंग 40 आहे. आमच्या घरात तेव्हा कोणी 'गूगल करणारी बाई' असती तर किती असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत राहते. तुम्ही तेच शब्द माझ्या तोंडावर चेष्टा म्हणून फेकलेत, ते लागलं.

वय आणि तंबाखूचा मुद्दा मला माहीत आहे. नेदरलँडमधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांमध्ये दाखवलं की निकामी होत चाललेलं हृदय आतड्यातल्या गाठी वाढवतं. उंदरांना तंबाखू नव्हती. माणसांवरचे काही अभ्यास हो म्हणतात, अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवरचा एक नाही म्हणतो. माझ्या लेखातली ती दोनच वाक्यं होती, त्यावर आत्ता वाद घालत नाही.

'किमो सोडा' असं मी एका ओळीतही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. वहिनी आज आहेत त्या किमोमुळेच आहेत. किमोआधी इको, मधे इको, संपल्यावर इको, आणि दम लागला किंवा पाय सुजले तर 'कमजोरी' ऐकून परत यायचं नाही, एवढंच मी लिहिलं. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कॅन्सरच्या रोग्यांच्या हृदयासाठी मार्गदर्शक सूचना 2022 साली काढल्या, त्यांतही आधी तपासा आणि मग पाहत राहा हेच आहे.

तुमच्या पत्नी झोपल्या नाहीत हे वाचून मला वाईट वाटलं. ते मी इतक्या खाली लिहिते आहे, कारण वरचं सगळं रागात लिहिलं. त्यांना कुठलं औषध चालू आहे, लाल आहे का, आतापर्यंत किती डोस झाले, आणि शेवटचा इको कधी केला? तारीख फाईलमध्ये असेल. नसेल तर या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि मला कळवा.